जावयाचा दात

आमच्या घरात ते मासे जिन्यावरून उतरून आले. वर घरमालक चंपाशेट राहायचे आणि खाली दोन खोल्या व एक पडवी आमची. जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्लीतलं ते घर. चंपाशेटांची डाळमिल होती. माणूस इतका पापभीरू की पावसाळ्यात जिन्यावर मुंगळ्यांची रांग लागली तर पायरीवर बैठक मारायचे, लग्नपत्रिकेच्या कडेवर एकेक मुंगळा चढवून घ्यायचे आणि अंगणातल्या निंबाखाली नेऊन सोडायचे. तोवर वर जाणारे खाली आणि खाली येणारे वर असे सगळे खोळंबून राहायचे. याबद्दल कधी कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. अशा माणसाच्या दिवाणखान्यात सहा कसाई राहायला आले, ते त्यांच्या स्वतःच्या मुलाने आणले म्हणून.

मुलाचं नाव पारस. मोबाइलवर बघून बघून त्याला माशांचं वेड लागलं आणि एक दिवस तो काचेची पेटी, वाळू, पाणवनस्पती आणि सहा बटुके फुगे मासे घेऊन घरी आला. मूळचे केरळातल्या नद्यांचे, असं दुकानदाराने सांगितलं होतं. जीव केवढा, तर वाटाण्याएवढा. हिरवट-पिवळं अंग, वर काळे ठिपके, पुढे आलेली ढेरी, आणि डोळे असे की एक तुमच्याकडे लागलेला आणि दुसरा स्वयंपाकघराकडे. इतर मासे पोहतात. हे जागच्या जागी थरथरत उभे राहायचे आणि माणसाला न्याहाळायचे, मुलगी बघायला आल्यासारखे. हे काय खातात, असं भाभीजींनी म्हणजे पारसच्या आईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, पाण्यातलं शेवाळ. भाभीजींनी विश्वास ठेवला. आई आपल्या मुलावर नाही तर कोणावर ठेवणार. मग पारस पुण्याला सीए करायला गेला आणि माशांनी अन्न सोडलं.

डाळमिलवाल्याच्या घरी कोणी उपाशी राहावं ही गोष्ट भाभीजींच्या मनाला लागली. त्यांनी मुगाची डाळ भिजवून घातली. मग मसूर. मग उडदाची चुरी, मग हरभऱ्याची डाळ उकडून, बोटांनी चुरून. मासे प्रत्येक कणाजवळ येत, मान वाकडी करून बघत आणि मागे सरत. तिसऱ्या दिवशी पेटीला इडलीच्या पिठासारखा वास येऊ लागला. शेवटी फोन लावला तेव्हा पारसने कबूल केलं की त्यांना गोगलगायी लागतात, पाण्यातल्या, बारक्या आणि जिवंत. तो त्या न्हाणीघरात बादलीत लपवून ठेवायचा. भाभीजींनी त्या दिवशी पाण्याचा थेंब घेतला नाही. चंपाशेट जिन्यावर येऊन बसले, मुंगळे नसताना.

पेच मोठा होता. खाऊ घालावं तर गोगलगायींची हत्या, न घालावं तर माशांची. तलावात सोडावं तर बगळ्यांच्या तोंडी देणं. दोन दिवस विचार करून त्यांना तोडगा सुचला, आणि तो तोडगा म्हणजे आम्ही. चंपाशेट हात जोडून खाली आले. आई भाकरी थापत होती, नाना म्हणजे माझे वडील पडवीत कामाला बसले होते. चंपाशेट अतिशय गोड आवाजात म्हणाले, नाना, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही तर बाहेर खाता, तुम्हाला चालेल.

इथे सांगायला हवं की माझी आई माळकरी. तिच्या माहेरी सावद्याला केळीच्या मळ्यात सापसुद्धा काठीने हाकलून द्यायचे, मारायचे नाहीत. नाना धुळ्याकडचे. दर हिवाळ्यात ते दोस्ताच्या मळ्यावर भरिताच्या पार्टीला जायचे, आणि हिवाळ्यातच का, पुढे पुढे तर चैत्रातही जायला लागले होते. चंपाशेटांचं बोलणं ऐकून आईचे हात थांबले. तिने परातीकडे बघतच विचारलं, “भरीत कशाचं असायचं?”

नाना उठून पेटी आणायला वर गेले. अर्ध्या तासात मासे आमच्या पडवीत होते. आईने दोनच अटी घातल्या: पाप तुमचं, आणि ती पेटी माझ्या देव्हाऱ्यातून दिसता कामा नये.

अशी नानांची एक लपवाछपवी उघडी पडली. दुसरी अजून शिल्लक होती, आणि ती आम्ही तिघं मिळून सांभाळत होतो. नाना खडे बसवणारे कारागीर. एका पेढीचे मुनीमजी दर चार दिवसांनी येत, सोनं आणि खड्यांच्या पुड्या देत, तयार दागिने घेऊन जात. मोहरीपेक्षा बारीक हिरा नाना असा बसवत की वरून बोट फिरवलं तर काही लागू नये. बाजारात त्यांच्या हाताचं नाव होतं आणि आमचं घर त्या नावावर चालत होतं. त्या वर्षी हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थकव्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं, मग थंडीमुळे, आणि चैत्रात जळगाव तव्यासारखं तापलं तरी हात थांबेना तेव्हा म्हणायला काही उरलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वय विचारलं. सराफ्यात असली बातमी पसरली की संपलं. थरथरत्या हातात कोणी सोनं ठेवत नाही. म्हणून काम मी करायला लागले. लहानपणापासून नानांसमोर बसून भिंगातून बघत आले होते, हात आपोआप शिकला होता. दुपारी उन्हाने गल्लीत कुत्रंही फिरकायचं नाही तेव्हा दार लोटून मी पाटावर बसायचे, मांडीवर सोन्याचा कीस पडण्यासाठी कातडं पसरायचे, आणि नाना शेजारी बसून अहिराणीत हळूहळू सांगायचे, दाब, आते सोड, आते फिराव. संध्याकाळी मुनीमजी आले की नाना पाटावर आणि मी कॉलेजचं पुस्तक उघडून कोपऱ्यात. मुनीमजी अंगठी उजेडात धरून म्हणायचे, नानांचा हात तो नानांचा हात. आम्ही तिघंही त्या वेळी दुसरीकडे बघत असू. ते कौतुक ऐकून मला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी रडू यायचं, हे आज लिहायला हरकत नाही.

तर अशा घरात ते सहा मासे आले. पेटी पडवीत, नानांच्या पाटाला लागूनच होती. आईने दोन दिवस तिकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती सुपात मेथी घेऊन तिथेच येऊन बसली. त्यातला सगळ्यात ढेरपोट्या मासा काचेला नाक लावून तिच्याकडे टक लावून बघत होता. आई म्हणाली, हा तर थेट जावई आहे. दुसऱ्याच्या घरी येऊन ऐटीत बसलाय, पुढ्यात ठेवलेलं खात नाही आणि डोळ्यांनी सारखी उणीदुणी काढतोय. तेव्हापासून त्याचं नाव जावई पडलं आणि त्याचा मानही वाढला. इतर पाचांना नावं नव्हती, ते नुसतं वऱ्हाड.

पारसने फोनवरून सांगितल्याप्रमाणे मी दुकानातून गोगलगायी आणून टाकू लागले. आईच्या नकळत हे आठवडाभर चाललं. मग एका सकाळी तिने जेवणाचा कार्यक्रम प्रत्यक्ष बघितला. गोगलगाय काचेवर आपल्या वाटेने चालली होती. जावई मागून आला, मान वाकडी करून जरा वेळ बघत राहिला, जणू पत्ता विचारतोय, आणि झडप घालून त्याने तिचं शिंग तोडलं. आई जागची उठली, पदर खोचला, बाही वर केली आणि पेटीत हात घालून उरलेल्या सगळ्या गोगलगायी बाहेर काढल्या. लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी करून त्या तीत ठेवल्या. कैरीचं लोणचं त्या साली पातेल्यात राहिलं. गोगलगायींना रोज काकडीची साल, मेथीचं पान, एकादशीला उकडलेलं रताळं मिळू लागलं. महिनाभरात बारा गोगलगायींच्या दोनशे झाल्या. खाणाऱ्यांची आबाळ आणि खाद्याची चंगळ, असं घर मी पुन्हा कुठे बघितलं नाही.

माशांसाठी मग दुकानदाराने गोठवलेल्या लाल अळ्यांच्या वड्या सुचवल्या. मेलेल्याच आहेत, आपण काही मारल्या नाहीत, असा युक्तिवाद मी केला. आईने तो मानला, पण त्या फ्रिजमध्ये ठेवू देईना, तिथे नैवेद्याचं दही असतं म्हणाली. त्यामुळे वड्या दुकानदाराच्या फ्रिजमध्येच राहायच्या आणि मी रोज सकाळी नानांचा चहाचा थर्मास घेऊन एक वडी आणायला स्कूटीवर जायचे. जळगावचा उन्हाळा. दहाच्या आत निघालं नाही तर घरी येईपर्यंत वडीचं सरबत व्हायचं. चौकातले रिक्षावाले विचारत, ताई, दवाखान्यात कोण आहे? मी म्हणायचे, जावई. ते हळहळत आणि वाट करून देत.

चंपाशेट रोज संध्याकाळी समाचाराला येत. ‘जेवण’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून, तोंड भिंतीकडे करून विचारत, झालं का त्यांचं? झालं म्हटलं की वळून मासे डोळे भरून बघत. आई त्यांना शेवभाजीचा वाडगा पुढे करी, आणि कांदा-लसूण आहे म्हणून ते हात जोडत. हे रोज व्हायचं. दोघांनाही उत्तर माहीत होतं, तरी विचारणं आणि नाकारणं चुकलं नाही.

ज्येष्ठात जावयाने वडीही सोडली. अळीजवळ यायचा, तोंड मारायचा आणि अळी निसटून जायची. नीट बघितलं तर त्याचा वरचा दात वाढून पुढे आला होता. नखासारखा पांढरा, वाकडा. तोंडच मिटत नव्हतं. या माशांचा दात म्हणे जन्मभर वाढतो आणि गोगलगायीचं कवच फोडून फोडून झिजतो. आमच्या घरात कवचं सुखरूप होती, म्हणून दात वाढला. चार दिवस जावई उपाशी राहिला. ढेरी आत गेली, ठिपके फिके पडले. आईला घास गोड लागेना. गुरांच्या डॉक्टरांना नानांनी विचारलं, तर ते म्हणाले, बैलाचे दात मी बघतो, याच्यासाठी तुम्हीच भिंग घेऊन बसा.

पाचव्या दिवशी सकाळी मुनीमजी आले होते. आदल्या दुपारी मी पुरी केलेली अंगठी भिंगाखाली बघून नेहमीचं वाक्य म्हणत होते, तेवढ्यात चंपाशेट फोन हातात धरून जिना उतरले. फोनवर पारस होता. तो म्हणाला, दात कापावा लागेल. लवंगाच्या तेलाचा थेंब पाण्यात टाकला की मासा गुंगतो, दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात बारीक कातरीने टोक उडवायचं. आज नाही केलं तर उद्या मासा राहणार नाही. चंपाशेटांनी नानांकडे बघितलं. मुनीमजींनीही बघितलं, आणि त्यांना तर ही गंमतच वाटली. ते म्हणाले, आमचे खडे याहून बारीक असतात, नानांना हे काय अवघड? करा नाना, मी थांबतो बघायला.

नाही म्हणायला जागा नव्हती. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. आईने दाढेसाठी ठेवलेलं लवंगतेल काढून दिलं. स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, त्यात थेंब टाकला आणि मी जावयाला जाळीने उचललं. जाळीत येताच तो फुगला. वाटाण्याचा बोराएवढा झाला, अंगावर बारीक काटे उभे राहिले, आणि गंभीर चेहऱ्याने तो आम्हाला बघत राहिला. गुंगी चढली तसा हळूहळू ओसरला. मी त्याला ओल्या कापसात धरून वाटीच्या काठाशी आणलं. भाभीजी जिन्यावर तोंडाला पदर लावून उभ्या. चंपाशेट डोळे मिटून नवकार मंत्र म्हणू लागले. नानांनी डोळ्याला भिंग लावलं, सोन्याची तार कापायची कातरी उचलली आणि हात पुढे आणला.

कातरीचं टोक वाटीला लागलं. टिक. मग पुन्हा टिक. मग टिकटिकटिक अशी ती वाटी वाजतच राहिली. नानांनी हात मागे घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पुन्हा पुढे आणला. वाटी पुन्हा वाजली. नवकार थांबला. आई घाईने म्हणाली, सकाळपासून यांच्या पोटात काही नाही. मुनीमजी नानांच्या हाताकडे बघत होते. चांगला माणूस तो. म्हणाला, होतं असं कधी कधी नाना, उद्या करा, आज राहू द्या.

सुटायची वाट समोर होती. ‘बरं, उद्या’ एवढं म्हटलं असतं की नाव राहिलं असतं आणि मासा गेला असता. वाटाण्याएवढा तर मासा. मी कापसातून बघत होते, त्याचा कल्ला अगदी सावकाश उघडमीट होत होता. नानांनी भिंग काढलं आणि कातरी माझ्यापुढे ठेवली. घरात कोणी परकं असलं की ते पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी बोलले नाहीत.

“मना हात हालस, मुनीमजी,” ते म्हणाले. “सहा महिना व्हयनात. तुम्ही खिशात जी अंगठी ठेवेल शे ती हाई पोरनी करेल शे. बठ्ठं काम तीच करस.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काप.”

मी कापलं. नख कापल्यासारखा आवाज झाला आणि रव्याच्या कणाएवढा तुकडा कापसावर पडला. जावयाला ताज्या पाण्यात सोडलं. तो आडवा झाला, मग पुन्हा फुगला आणि पोट वर करून तरंगायला लागला. भाभीजी रडू लागल्या. चंपाशेट कापऱ्या आवाजात म्हणाले, शांतपणे गेला. तेवढ्यात जावयाने एक बुडबुडा सोडला, सुलटा झाला आणि एक डोळा मुनीमजींवर, एक चंपाशेटांवर लावून जागच्या जागी थरथरत उभा राहिला.

मुनीमजींनी खिशातून अंगठी काढली. दाराशी उजेडात जाऊन भिंगाने पुन्हा बघितली, या वेळी फार वेळ. ती खिशात घातली आणि निघाले. जाताना चंपाशेटांच्या चपला घालून गेले.

त्या दुपारी आई मला म्हणाली, बरणीचं झाकण बहुतेक उघडं राहिलंय, मी देवळात चालले. भर उन्हात, देऊळ बंद असताना गेली. ती परत येईपर्यंत जावयाने पहिलं कवच फोडलं होतं, आणि तो कट् आवाज वरपर्यंत गेला असावा, कारण चंपाशेट जिन्यावर येऊन एक पाऊल पुढे एक पाऊल मागे करत उभे राहिले. त्यांना आनंद झाला होता आणि तो झाल्याचं वाईटही वाटत होतं. पुढे आईने नेम केला, आठवड्यातून एकदा देवळात जायचं आणि त्या रात्री स्वतः जेवायचं नाही. नानांचं मळ्यावर जाणं मात्र तिने बंद केलं. एका घरात एकच मांसाहारी पुरे, म्हणाली.

मुनीमजी चार दिवसांनी आले नाहीत. आठ दिवसांनीही नाहीत. नाना रोज आंघोळ करून रिकाम्या पाटावर बसायचे, हत्यारं पुसायचे आणि पुन्हा मांडायचे. मनातून मला त्या माशाचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर नानांचाही. एका वाटाण्यासाठी आमचं घर त्यांनी पणाला लावलं, असं वाटायचं. आज मी बरीच वर्षं त्याच पाटावर बसते आहे, भिंगामागे चष्मा लागतो, आणि मला वाटतं, माशाने निमित्त दिलं म्हणून ते सुटले. खोटं कौतुक ऐकण्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त त्रास होत असणार. तेव्हा हे कळण्याइतकी मी मोठी नव्हते.

दहाव्या दिवशी चपलांचा आवाज आला. मुनीमजी आधी चंपाशेटांच्या चपला परत करायला वर गेले, मग खाली येऊन पडवीत बसले, पाणी प्याले, माशांकडे बघत राहिले. पुडी काढली आणि सवयीने नानांपुढे धरली. नानांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि मानेने माझ्याकडे दाखवलं. मुनीमजी अवघडले. म्हणाले, पेढीचा रिवाज आहे नाना, बाईमाणसाच्या हातात कामाचं सोनं आजवर दिलेलं नाही.

नाना म्हणाले, “हिने दात कापला तेव्हा तो जीव जिवंत होता. तुमचा हिरा तर चावतही नाही.”

मुनीमजींना हसू आवरलं नाही. त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली. कामाचं सोनं हातात घेतलं की आधी कपाळाला लावायचं, मग पाटावर ठेवायचं. इतके दिवस मी चोरून काम केलं होतं, पण हे कधी केलं नव्हतं, ते नानाच करायचे. मी ओंजळ पुढे केली, पुडी तीत आली, आणि कपाळाकडे नेताना माझे दोन्ही हात थरथरायला लागले. इतके की पुडीतले खडे कुळकुळ वाजले. मुनीमजींनी ते बघितलं. मी घाबरून नानांकडे बघितलं.

नाना हसत होते. “हालू दे,” म्हणाले. “पहिला दिन मना बी हालना व्हता.”